भिंतीतून चालत जाणारी माणसे

नेपथ्याविषयी चार शब्द लिहिण्याचा माझा अधिकार एका फजितीतून आलेला आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. १९७४ साली आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आम्ही आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' मराठीतून केले. भाषांतर आमच्यातल्याच एकाने रात्री जागून उतरवले होते. दिग्दर्शन दुसऱ्याकडे होते. नेपथ्य माझ्याकडे आले, कारण मला करवत धरता येत होती. मी महिनाभर खपून एक अस्सल घर उभे केले. लाकडी चौकटींवर कापड ताणून, त्यावर सरस आणि रंग चढवून केलेल्या भिंती, दाराला खरी कडी, खिडकीला खरी काच, स्वयंपाकघराच्या मांडणीवर आईची नजर चुकवून घरून आणलेली भांडी. पडदा वर गेला तेव्हा त्या घराला टाळी पडली. त्यानंतरच्या अडीच तासांत मात्र कुणालाच टाळी पडली नाही.

का पडली नाही, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

नाटक ज्यांच्या वाचनात आलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात विली लोमन नावाचा फिरता विक्रेता राहतो. वय त्रेसष्ट. छत्तीस-एक वर्षे एका कंपनीचा माल नमुन्यांच्या दोन पेट्यांतून गावोगाव नेऊन विकला. आता पाय चालत नाहीत, मोटार रस्त्यावर राहत नाही, आणि मन एका काळात टिकत नाही. बायको लिंडा, दोन मुलगे, बिफ आणि हॅपी, दोघेही तिशीच्या आसपास आणि दोघेही बापाने रंगवलेल्या स्वप्नाच्या मानाने फुकट गेलेले. घरावरच्या कर्जाचे पंचवीस वर्षांचे हप्ते फिटत आलेले आहेत. विली घर घेतो तेव्हा भोवती मोकळे होते, परसात झाडे होती. आता चहूबाजूंनी उंच इमारती उठल्या आहेत आणि परसात गाजराचे बीसुद्धा रुजत नाही. चोवीस तासांच्या आत त्याची नोकरी जाते, मोठ्या मुलाशी अखेरचा कडाका उडतो, आणि विम्याचे पैसे मुलाच्या हाती पडावेत म्हणून तो मोटार घेऊन मरायला निघून जातो. एवढेच. यात राजे नाहीत, खलपुरुष नाही. आपल्याकडच्या कोणत्याही घरात, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दाराआड जे बोलणे चालते, तेच बोलणे आहे.

पण विलीचे मन मध्येच पंधरा-सोळा वर्षे मागे जाते आणि तो मागचा काळ रंगमंचावर, त्याच घरात, वर्तमानाच्या अंगावरच उभा राहतो. हे दाखवायचे कसे? मिलरने छापील नाटकात एक नियम घालून दिला आहे, आणि सगळ्या नाटकाची किल्ली माझ्या मते या नियमात आहे. घराच्या भिंती नाहीत. त्या कुठे असतील त्याच्या नुसत्या रेषा आहेत. प्रसंग आजचा असेल तेव्हा नटांनी त्या रेषा पाळायच्या, म्हणजे घरात शिरायचे ते दारातूनच. प्रसंग आठवणीतला असेल तेव्हा माणसे सरळ भिंतीतून चालत पुढे येतात. आजच्या दिवसाला भिंती आहेत, आठवणीला नाहीत.

मी काय केले होते? मी भिंती बांधल्या होत्या.

पहिल्या अंकात रात्रीचा एक प्रसंग आहे. विलीला झोप येत नाही. शेजारचा चार्ली घरातल्या कपड्यांवरच येतो आणि दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पत्ते खेळत बसतात. तेवढ्यात विलीचा थोरला भाऊ बेन हातात पिशवी आणि छत्री घेऊन प्रवेश करतो. हा बेन म्हणजे आफ्रिकेत जाऊन गबर झालेला, विलीच्या मनात देवासारखा बसलेला आणि आता हयात नसलेला माणूस. विली एका तोंडाने चार्लीशी पत्ते खेळतो आणि दुसऱ्या तोंडाने बेनशी बोलतो. चार्लीला बेन दिसत नाही, म्हणून तो चक्रावतो. लिहिलेल्या नाटकात चार्ली दारातून येतो, बेनला दाराची गरज नाही. आमच्या प्रयोगात दोघेही एकाच दारातून आले, आणि बेनने तर शिस्तीने आत आल्यावर कडी लावून घेतली! प्रेक्षकांना वाटले, दुसरा पाहुणा आला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, "अहो, त्यांनाही पानं वाटा!" त्या हशात नाटक जे बुडाले ते पुन्हा वर आले नाही.

नेपथ्य म्हणजे नटाच्या पाठीमागची शोभा, अशी माझी तोवर समजूत होती. आमच्या रंगभूमीवर ती समजूत फार दिवस सुखाने नांदली. उजवीकडे सोफा, डावीकडे टेलिफोन, मागे वर जाणारा जिना आणि मधोमध दार, असा दिवाणखाना गावोगावच्या प्रेक्षकांनी इतक्यांदा पाहिला आहे की त्यात कोण राहतात हे विचारायचेही राहून गेले. घराने नटाच्या अंगाला आणि चालीला काही करायला लावले पाहिजे, हे ध्यानात यायला मला ती छत्री घेतलेला बेन लागला.

आता या बिनभिंतींच्या घराचा जन्म पाहू. येथे एक गंमत आहे, आणि पुष्कळ जाणत्या वाचकांचीही येथे फसगत होते. छापील नाटकातली रंगसूचना वाचून आपल्याला वाटते, हे घर मिलरने कल्पिले. तसे नाही. १९४८ साली कनेटिकटमध्ये स्वतःच्या हाताने बांधलेल्या एका लहानशा खोपटात बसून त्याने नाटक लिहिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे घर नव्हतेच. त्याला आधी सुचले होते ते एक प्रचंड मस्तक: रंगमंचाच्या कमानीएवढा चेहरा, जो उघडतो आणि आत माणसाचे डोके दिसते. नाटकाचे पहिले नावही त्याच अर्थाचे होते. पुढे हस्तलिखितात उरले ते तीन उघडे चौथरे आणि चार वस्तू. घर आणले ते जो मेल्झीनर या नेपथ्यकाराने. 'द ग्लास मिनॅजरी' आणि 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' यांची नेपथ्ये त्याच्या नावावर नुकतीच जमा झालेली होती. त्याने दिग्दर्शक एलिया कझान याला पटवले की प्रत्येक प्रसंगाला वेगळे स्थळ मांडत बसू नये. विलीचे घर सतत डोळ्यांसमोर राहू द्यावे आणि कंपनीची कचेरी, हॉटेलची खोली, हे सगळे त्या घराच्या पुढ्यात, रिकाम्या जागेत होऊ द्यावे. तसे करायचे तर नाटकात फेरफार करावे लागणार होते, आणि मिलरने ते केले. नाटक छापले गेले तेव्हा मेल्झीनरचे घर मिलरच्या शब्दांत जाऊन बसले. नेपथ्यकाराचे काम प्रयोगाबरोबर मोडीत निघते, फळ्या वखारीत जातात, असे आपण म्हणतो. येथे नेपथ्यकार लेखकाच्या पुस्तकात शिरून बसला, आणि पुढच्या प्रत्येक दिग्दर्शकाला त्याच्याशी एक तर जमवून घ्यावे लागते किंवा भांडावे लागते.

ते घर कसे होते? सांगाडा. छपराची नुसती रेघ, तीही आरपार. खाली स्वयंपाकघर: एक टेबल, तीन खुर्च्या, एक फ्रिज, बाकी काही नाही. एका अंगाला थोड्या उंचीवर नवराबायकोची खोली: पितळी पलंग, साधी खुर्ची, आणि फळीवर बिफने खेळात मिळवलेला चांदीचा चषक. वर माळ्यावर मुलांची खोली. मागे मलमलीचा भला मोठा पडदा. त्यावर इमारती रंगवलेल्या. प्रकाश एका रीतीने पडला की त्या इमारती घरावर चालून येतात. प्रकाश पालटला की त्या विरतात, आणि कंदिलांतून सोडलेली पानांची सावली सगळ्या घरावर पसरते. पानांचा काळ म्हणजे सुखाचा काळ. पाने दिसली की प्रेक्षकाने ओळखावे, विली मागे गेला.

त्याहून नामी युक्ती पलंगांची होती. बिफ आणि हॅपी वरच्या खोलीत झोपलेले प्रेक्षकांना दिसतात. थोड्याच वेळात तेच दोघे शाळकरी पोरे होऊन खाली अंगणात आले पाहिजेत, आणि वरून कुणी उठून गेल्याचे तर दिसता कामा नये. मेल्झीनरने पलंगांतच छुपे पाळणे बसवले. पांघरूण जागच्या जागी राहिले आणि नट पलंगातून खाली उतरून, कपडे बदलून, रंगमंचाच्या पुढे पोरवयात हजर झाले. मला या युक्तीत नुसती करामत दिसत नाही. आईबापांच्या दृष्टीने मोठी झालेली मुले अशीच असतात: वर झोपलेली, आणि त्याच वेळी खाली खेळत असलेली.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरॉस्को थिएटरात पहिला प्रयोग झाला, आणि त्या एका प्रयोगसंचाचे ७४२ खेळ झाले. ते थिएटर १९८२ साली पाडले. त्याआधी फिलाडेल्फियात रंगीत तालमीसारखे काही खेळ झाले होते. तिथल्या पहिल्या रात्रीची हकीकत मिलरने लिहून ठेवली आहे. पडदा पडला आणि टाळ्याच पडल्या नाहीत. माणसे उठली, कोट अंगात चढवले, पुन्हा बसली. काही पुरुष तोंड झाकून रडत होते. आणि मग केव्हातरी कुणीतरी टाळी वाजवली, तेव्हा टाळ्या थांबेनात. (आमच्याही प्रयोगाला टाळ्या पडल्या नव्हत्या, पण ते मौन निराळे!)

विलीचे काम करणारा ली जे. कॉब त्या वेळी अवघा सदतीस वर्षांचा होता. आडदांड देहाचा, जड आवाजाचा माणूस. मिलरच्या मनातला विली लहानखुरा होता. मूळ संवादात त्याला कुणीतरी कोळंबी म्हणून हिणवल्याचा उल्लेख होता. कॉबला कोळंबी कोण म्हणणार? म्हणून तिथे वॉलरस हा समुद्रातला अवजड प्राणी घातला गेला. १९८४ साली डस्टिन हॉफमनने हीच भूमिका केली तेव्हा कोळंबी पुन्हा जागेवर आली. एका शब्दाची ही ये-जा बारकाईने पाहण्याजोगी आहे. कॉबचा विली कोसळतो तो एखादा जुना वाडा खचावा तसा. १९६६ साली त्याने आणि मिल्ड्रेड डनॉकने दूरचित्रवाणीसाठी केलेले रूप उपलब्ध आहे, त्यात हे दिसते. हॉफमनचा विली कोसळत नाही, तडफडतो. काचेच्या बरणीत सापडलेल्या कीटकासारखा सगळीकडे आपटत राहतो. १९८५ च्या त्याच्या चित्रपटात घराच्या भिंती मुद्दाम अर्ध्यामुर्ध्या ठेवल्या आहेत आणि वरून शेजारच्या इमारती डोकावतात. कल्पना चांगली. पण कॅमेरा जवळ गेला की भिंतीची रेष चौकटीबाहेर जाते, आणि उरतो तो चेहरा. चेहरा थोर आहे. पण चेहऱ्याला घर नाही.

लिंडाविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण टीकाकार विलीपाशी इतके रेंगाळतात की तिच्यापर्यंत पोचेतो त्यांची शाई संपते. डनॉक ही नाजूक, सुशिक्षित वळणाची नटी. कझानला ती पटली नव्हती. तिने वेश बदलून, अंगाला जाडी आणून पुन्हा पुन्हा येऊन ती भूमिका मिळवली, असे मिलर सांगतो. पुढे तालमीत तिची मोठी भाषणे रडवेली होऊ लागली, तेव्हा कझानने तिला ती दुप्पट वेगाने, मग त्याच्याही दुप्पट वेगाने म्हणायला लावली. नंतर वेग सैल करू दिला, पण आतला ताठा राहिला. हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातल्या बायका आठवल्या. पैशाची खरी गोष्ट सांगायची असते तेव्हा आमची आई अशीच झरझर बोलत असे. रडायला जागा म्हणून ठेवत नसे. १९९९ च्या प्रयोगात एलिझाबेथ फ्रान्झने लिंडाला आणखी धारदार केले. ती नवऱ्याला जपते ती वाघिणीसारखी.

आणि त्या भिंतीच्या नियमात लिंडाची जागा पाहा. आठवणीत ती केसांना रिबीन बांधून, धुण्याची टोपली घेऊन येते, हसते. मोजे रफू करते. तेवढ्यात अंधारातून, विरळ पडद्यामागून, दुसऱ्याच बाईचे हसू ऐकू येते. बॉस्टनच्या हॉटेलातली ती बाई. विलीने नवे रेशमी मोजे जिला दिले ती. म्हणजे ज्या आठवणीला भिंती नाहीत, त्या आठवणीत नको असलेली माणसेही भिंत नसल्यामुळेच आत येतात. मी बांधलेल्या भिंतींनी हीसुद्धा वाट बुजवली होती. आमच्या त्या बाईला हसण्यासाठी विंगेतून डोके बाहेर काढावे लागे.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिथे येतो.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, फिरते विक्रेते होते. शिवणयंत्राचे सुटे भाग दोन पेट्यांत भरून ते जळगाव, धुळे, भुसावळ असे एस.टी.ने हिंडत. महिन्यातले वीस दिवस बाहेर. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी त्यांनी कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांच्यापुढचा ओटा त्यांनी रविवारी रविवारी स्वतःच्या हाताने घातला होता, शहाबादी फरशीचा. असा माणूस आमचे नाटक पाहायला येणार आणि रंगमंचावर त्याच्याच धंद्याचा माणूस पोरांच्या पायी जीव देणार, याची मला इतकी धास्ती वाटली की मी तो प्रयोग विंगेत उभा राहून पाहिला, तो नाटकाकडे न बघता तिसऱ्या रांगेकडे बघत.

घरी आल्यावर आईने चहा टाकला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमचा तो माणूस पेट्या रिकाम्या घेऊन आला होता."

मी म्हटले, "नाटकातल्या पेट्या रिकाम्याच असतात, अण्णा."

"तसं नव्हे रे. जड पेटी खाली ठेवली म्हणून हात लगेच मोकळा होत नाही. बोटं तशीच वाकडी राहतात थोडा वेळ. त्यानं पेट्या ठेवल्या आणि लगेच दाराची कडी लावली." आणि कप बशीत ठेवत, "घर मात्र चांगलं बांधलं होतंस," एवढे म्हणून ते झोपायला गेले.

नाटकाच्या शेवटाविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या रात्री नाही, पुढेही कधी नाही. आणि मीही विचारले नाही. १९९१ साली ते गेले.

पुढे मूळ नाटक मी नीट वाचले तेव्हा पहिल्याच पानावर मला अण्णा भेटले. विली येतो, पेट्या खाली ठेवतो, आणि त्याच्या तळहातांना झालेली हुळहुळ त्याला जाणवते, अशी स्पष्ट सूचना मिलरने दिली आहे. मी भांड्यांची मांडणी खरी केली होती. ज्या दोन वस्तूंत माणसाचे छत्तीस वर्षांचे आयुष्य भरले होते त्या पोकळ ठेवल्या होत्या. भिंती नसल्या तरी चालतील, पण पेटीत वजन हवे, हे मेल्झीनरला आणि अण्णांना कळत होते. मला कळले नव्हते.

तेव्हापासून या नाटकाचा कोणताही प्रयोग मी पाहतो तो दोन जागा मनात धरून: पेट्या आणि भिंत.

१९९९ चा, नाटकाच्या पन्नासाव्या वाढदिवशीच न्यूयॉर्कला सुरू झालेला ब्रायन डेनेहीचा प्रयोग मी चित्रित स्वरूपात पाहिला. दिग्दर्शक रॉबर्ट फॉल्स, नेपथ्यकार मार्क वेंडलँड. घराचे तुकडे करून ते फिरत्या चकत्यांवर ठेवले आहेत. खोल्या सरकतात, गिरक्या घेतात. विलीचे डोके भोवंडते आहे हे त्यातून कळते, आणि डेनेहीसारखा साठीचा, पहाडी नट त्या गिरक्यांत हेलकावताना पाहून पोटात कालवते. पण येथे घरच चालते. माणसाला भिंतीतून चालायचे काम उरत नाही. ज्या वेड्या पावलासाठी विलीला धैर्य लागते, ते पाऊल यंत्राने टाकले.

उलट टोक मी २०२२ साली न्यूयॉर्कलाच हडसन थिएटरात पाहिले. लंडनच्या यंग व्हिकमध्ये २०१९ साली जन्मलेला हा प्रयोग. वेंडेल पिअर्स विली, शेरन डी. क्लार्क लिंडा, लोमन कुटुंब येथे काळ्या माणसांचे आहे. आना फ्लाइशलच्या नेपथ्यात खिडक्या, दारे, सामानसुमान वरून तारांनी टांगलेले. हवे तेव्हा खाली येते, नको तेव्हा वर जाते. पहिली दहा मिनिटे मी मनातल्या मनात कुरकुरत होतो. जिथे सगळेच अधांतरी आहे तिथे भिंतीतून जाण्याचे मोल काय? मग हळूहळू माझी कुरकुर मावळत गेली. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या कुटुंबाला घरासाठी कर्ज देताना बँका हात आखडत, वस्त्याच्या वस्त्या नकाशावर बाद ठरवत. अशा माणसाने पंचवीस वर्षे हप्ते भरले तरी ते घर त्याच्या पायाखाली पुरते टेकणार नाही. ते तारेलाच लटकणार. माझा नियम मोडला होता, पण मोडण्याला कारण होते. तरीही पत्त्यांच्या प्रसंगात मला मेल्झीनरची आठवण आली, हे लपवत नाही.

पेकिंगचा प्रयोग मी पाहिलेला नाही. १९८३ साली मिलरने स्वतः जाऊन तो बसवला आणि त्यावर पुस्तक लिहिले, तेवढाच माझा आधार. नाटकाचे भाषांतर करणारा यिंग रुओचेंग हाच विली झाला. तिथे ना फिरते विक्रेते ना आयुर्विमा. मिलरने एक हट्ट धरला: गोऱ्या माणसांचे टोप आणि नाके लावायची नाहीत, चिनी चेहऱ्यांनीच उभे राहायचे. प्रेक्षकांना बाप कळला, मुलगा कळला. विम्याचे कोडे त्यांनी आपल्यापरीने सोडवले असावे.

आणि २०१२. मुलीकडे गेलो होतो. माइक निकल्सने बॅरिमोर थिएटरात हे नाटक पुन्हा उभे केले, ते मेल्झीनरचे १९४९ चे नेपथ्य आणि अॅलेक्स नॉर्थचे बासरीचे संगीत तसेच्या तसे घेऊन. काही जणांनी नाक मुरडले. हे संग्रहालय झाले, म्हणाले. मीही थोडा साशंक होतो. अंधारात बासरी सुरू झाली, सांगाड्यासारखे ते घर उजळले, मागे इमारती उठल्या, आणि वर्षानुवर्षे छायाचित्रांत पाहिलेली वस्तू श्वास घेऊ लागली. फिलिप सीमोर हॉफमन पेट्या घेऊन आला. चव्वेचाळीस वर्षांचा नट, पण त्याच्या चालीत घाईचा लवलेश नव्हता. थकवा त्याच्या मागून येत नव्हता, त्याच्या आधी पोचला होता. त्याने पेट्या खाली ठेवल्या. मी बराच मागे बसलो होतो. त्याची बोटे मला दिसली नाहीत. मुलीने दिलेली दुर्बीण खिशातच राहिली होती.

शेवटाकडे, सगळे हरल्यावर, विली रात्री परसात बी पेरायला जातो. हे परस म्हणजे रंगमंचाचा अगदी पुढचा रिकामा पट्टा. हातात विजेरी, बियांच्या पुड्या; तो ओळींमधले अंतर पावलांनी मोजतो आणि मेलेल्या बेनशी विम्याच्या रकमेची चर्चा करतो. मग भांडण होते, मुलगा रडतो, आणि बापाला कळते की मुलाचे आपल्यावर प्रेम आहे. त्याच आनंदात तो मोटार घेऊन जातो.

त्यानंतर मिलरने जे लिहिले आहे ते आम्ही १९७४ साली गाळले होते, कारण माझ्या घरात ते करता येणे शक्यच नव्हते. चार्ली आणि त्याचा मुलगा काळ्या कपड्यांत येतात आणि स्वयंपाकघराचे दार ठोठावतात. मुले जिन्याने खाली येतात. लिंडा फुलांचा लहानसा गुच्छ घेऊन पडद्याआडून येते, चार्लीचा हात धरते. आणि ती सगळी माणसे, आजच्या काळातली, जिवंत, शहाणी माणसे, स्वयंपाकघराच्या भिंतीच्या रेषेतून सरळ पुढे चालत येतात. सबंध नाटकभर भिंत मानणारी माणसे. आमच्या प्रयोगात ती दारातून बाहेर पडून, विंगेतून वळसा घेऊन, एकामागून एक पुढे आली होती. मधल्या वेळात रंगमंच रिकामा राहिला आणि कुणीतरी खोकले.

बॅरिमोरमध्ये त्यांना चार-पाच पावले लागली असतील. लिंडा एमंड मध्ये होती. भिंतीची रेष आली तिथे कुणी थबकले नाही. माझा हात मात्र खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला गेला. आमचे पर्वतीच्या पायथ्याचे घर २००९ साली पाडून तिथे सात मजली इमारत झाली; पाडायच्या दिवशी मी ओट्यावर उभा होतो, आणि पुढची भिंत आधीच काढलेली असल्यामुळे ओट्यावरून थेट स्वयंपाकघरात गेलो होतो, दाराकडे न वळता. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नव्हते.

लिंडा पुढच्या पट्ट्याच्या कडेला गुडघे टेकून बसली. घराचा शेवटचा हप्ता आजच भरला, असे ती त्याला सांगत होती; मागे इमारती कठोर, स्पष्ट होत चालल्या होत्या. फुले तिने जिथे ठेवली, तिथेच थोड्या वेळापूर्वी त्याने बी पेरले होते.